ओल्या मैदानावरचे गुण

शिमोन मास्तर, माझ्यावर उपकार करणाऱ्यांची नावं घ्यायची झाली तर पहिलं तुमचं येतं, आणि दुसऱ्यासाठी मला थांबून विचार करावा लागतो. हे तोंडावर सांगितलं असतं तर तुम्ही शिट्टी फुंकून मला मैदानाला फेऱ्या मारायला लावल्या असत्या. म्हणून कधी सांगितलं नाही. आता शिट्टी वाजणार नाही, तेव्हा धीर झाला आहे.

राया निरोप घेऊन आला तेव्हा मी म्हसावदच्या शाळेमागे मुलांचा सराव घेत होतो. आपल्या संघाचा मध्यावरचा राया, तोरणमाळचा, आता जंगलखात्यात गार्ड आहे. खाकी टोपी काढून तो रेघेबाहेर उभा राहिला. खेळ चालू असताना कुणी आत पाऊल टाकायचं नाही, ही तुम्ही लावलेली सवय त्याच्या अंगात अजून आहे. मी म्हटलं, "अरे ये ना, बाहेर का उभा?"

तो म्हणाला, "तू खेळ थांबव. मास्तर गया."

मी शिट्टी वाजवली. मुलं थांबली. चेंडू घरंगळत रेघेपर्यंत आला, तरी तो उचलायला कुणी पुढे झालं नाही. ती मुलं पुन्हा सरावाला येऊ लागली होती, पण माझ्याशी धरलेला अबोला त्यांनी अजून सोडला नव्हता. त्याचं कारण पुढे येईल.

आम्ही दोघं प्रकाशा गावापाशी नावेने तापी उतरून नंदुरबारला पोचलो तोवर तुम्हाला माती दिली होती. तुमच्या घरापुढचं अंगण नुकतंच सारवलेलं होतं. ओलं. मी आणि राया दोघंही कडेला थबकलो. तुमच्यामागे एकट्या उरलेल्या रूथमावशी दारात बसल्या होत्या. त्यांनी आमच्याकडे पाहिलं, मग अंगणाकडे पाहिलं, आणि आम्ही का थांबलो ते त्यांना कळलं. म्हणाल्या, "या रे. आते काय सामना शे का? पाय उमटनात तं उमटू द्या."

मास्तर, मला तिथे रडू आलं. माती दिली त्या जागी गेलो तेव्हा आलं नाही.

नंतर आम्ही आपल्या जुन्या शाळेच्या मागच्या भिंतीपाशी गेलो. गेरूच्या दोन्ही रांगा अजून दिसतात, पुसट झाल्या आहेत. वरची साहेबांच्या संघाची, खालची आपली. म्हसावदच्या माझ्या मुलांना या रांगांचं मोठं अप्रूप वाटतं, म्हणून त्यांना मी साहेबांची गोष्ट पुष्कळदा सांगितली आहे. तुम्हाला ती माझ्यापेक्षा चांगली ठाऊक आहे, तरी इथे पुन्हा लिहितो, कारण आपल्या भांडणाचं मूळ तिच्यात आहे.

आपल्या मिशन शाळेचे अमेरिकन साहेब तरुणपणी त्यांच्या गावच्या लाकडाच्या गिरणीतल्या बास्केटबॉल संघात खेळत. गाव बर्फाचं. खेळ नाचघरात चाले. तो संघ हिवाळ्यामागून हिवाळे एकही सामना हरला नाही. पुढे गिरणी बंद पडली, माणसं पांगली, संघ नाहीसा झाला. तिकडे असे पुष्कळ संघ होऊन गेले, साहेब म्हणत. गावोगाव निघाले, जिंकले आणि विझले, त्यांची नावंसुद्धा आता कुणी घेत नाही. आपल्या संघाचं नाव कुणीतरी घ्यावं म्हणून त्यांनी तो सगळा विजयाचा सिलसिला नंदुरबारच्या भिंतीवर रेघांनी काढला होता. एक विजय, एक रेघ. आणि खाली आपल्यासाठी जागा सोडली होती.

गोष्ट सांगताना साहेब एका ठिकाणी हमखास हसत. त्या नाचघराच्या एका कोपऱ्यात लोखंडी शेगडी धगधगत असे. घरच्या खेळाडूंना तिचा अंदाज होता. ते पाहुण्यांना त्या बाजूला रेटत, पाहुण्यांची कोपरं भाजत, आणि चेंडू हातचा सुटे. आम्ही पोरं पोट धरून हसायचो. राया तर कोपर धरून "ओय ओय" करत नाचायचा. तुम्ही हसत नसायचात. मला वाटे, मास्तरांना इंग्रजी विनोद कळत नाही.

आपल्याकडे नाचघर नव्हतं, शेगडी नव्हती. सागाचे दोन खांब, बैलगाडीच्या चाकाच्या जुन्या लोखंडी धावेतून लोहाराने वळवून दिलेल्या दोन कड्या, आणि शेणामातीने सारवलेलं मैदान. दर आठवड्याला रूथमावशी आणि वस्तीतल्या बाया ते सारवत. सारवल्या दिवशी चेंडू टप्पा घेत नसे, धप्पकन बसत असे, म्हणून त्या दिवशी तुम्ही आम्हाला नुसतं हातोहात चेंडू देणं शिकवलंत. जमिनीला लावायचाच नाही. त्यातून आपला खेळ घडला. त्या वेळच्या नियमाप्रमाणे प्रत्येक टोपलीनंतर चेंडू मध्यावर आणून उंच उडवत. राया तो हमखास आपल्याकडे ढकली, आणि पुढे तो जमिनीला न लागता टोपलीपर्यंत जाई. धुळ्याकडचे आले, जळगावकडचे आले, पलटणीतले आले. हरून गेले. रेघा वाढत गेल्या.

या सगळ्यात मी होतो तो तुम्ही ब्राह्मणपुरीला चालत आलात म्हणून. माझा बाप सालदार. तो गोठ्यात होता, उठलाही नाही. म्हणाला, "पोऱ्या शिकीसन काय करी? बैल कोन हाकी?" तुम्ही गोठ्यातच खाली बसलात आणि त्याच्याच बोलीत म्हणालात, "बैल हाकाले मी येसू. पन याले शाळामा राहू द्या." बापाला वाटलं, मास्तर थट्टा करतोय. पुढच्या पेरणीला तुम्ही खरंच आलात. तिफण धरली तर तुमची तास वाकडी निघाली. बाप गावभर सांगत सुटला, "मास्तरले काही येत नही, पन मानूस सबदना पक्का शे." त्यानंतर माझं शाळेतून नाव काढायची गोष्ट घरात निघाली नाही.

आता त्या दिवसाकडे येतो. ते टाळून तुमच्याशी बोलता येत नाही.

वरच्या रांगेला गाठायला आपल्याला एकच रेघ हवी होती. सुरतेहून कॉलेजचा संघ सकाळच्या गाडीने यायचा होता आणि संध्याकाळच्या पॅसेंजरने परतायचा होता. साहेब आठवडाभर कुणाशी धड बोलत नव्हते. गेरूची वाटी त्यांनी आदल्या दिवशीच कालवून ठेवली होती. राया जेवला नाही. मी चपलेचा अंगठा तीनदा शिवून घेतला, आणि खेळायचं तर अनवाणी होतं.

आम्ही पाहुण्यांना घेऊन स्टेशनावरून आलो तर मैदान काळंभोर चकाकत होतं. मैदान दोन दिवस आधीच सारवून वाळवायचं असं तुम्ही सांगून ठेवलं होतं, आणि तसं ते सारवलंही होतं. पण पाहुणे दारात येणार आणि सारवण शिळं, हे रूथमावशींना सोसवलं नाही. बायांना घेऊन त्यांनी सकाळी पुन्हा हात फिरवला होता, तोही जाड. कडेने रांगोळी घातली होती. मावशी तुमच्या तोंडाकडे बघून म्हणाल्या, "पाव्हना ई ऱ्हायनात, तं मैदान तसंच ठेवू का मी?"

पाहुण्यांना काही कळलं नाही. त्यांचा कप्तान, नाव हसमुख, गोरा, हसरा, रांगोळीवर पाय पडू नये म्हणून उडी मारून आत आला. साहेबांनी शिट्टी वाजवली.

त्यांचा खेळ सगळा टप्प्याचा होता. चेंडू जमिनीला लावत धावायचं आणि मध्येच फिरायचं. हसमुखने पहिला टप्पा टाकला आणि चेंडू तिथेच बसला. तो पुढे गेला, चेंडू मागे राहिला. वस्ती खदाखदा हसली. दुसऱ्या वेळी त्यांचा एक खेळाडू घसरून पाठीवर पडला. आपण चेंडू जमिनीला लावतच नव्हतो. टोपलीमागून टोपली. शाळेच्या फळ्यावर आपल्या बाजूला खडू थांबेना. हसमुख दोन्ही हात पसरून ओरडला, "अरे भाई, आ शुं? दडो उछळतोज नथी!" राया त्याच्या अंगावरून जाता जाता म्हणाला, "मग उचलीसन पळ ना!"

मी हसलो. मला आठवतं, मी खूप हसलो. आणि हसता हसता तुमच्याकडे पाहिलं. शेगडीच्या गोष्टीला असायचा तसाच तुमचा चेहरा होता.

मध्यंतराला तुम्ही मैदानात आलात, चेंडू उचललात, खांद्याइतक्या उंचीवरून सोडलात. तो गुडघ्यापर्यंतही आला नाही. पुन्हा सोडलात.

"वाळेपर्यंत थांबू," तुम्ही म्हणालात. "मग पहिल्यापासून खेळू. फळा पुसा."

साहेब पुढे आले. त्यांची मराठी पुस्तकी, पण त्या वेळी आवाज चढला होता. "शिमोन, हे आवश्यक नाही. नियमांत ओल्या जमिनीविषयी काही लिहिलेले नाही."

तुम्ही म्हणालात, "साहेब, नियमांत शेगडीविषयीही नव्हतं."

साहेबांच्या हातातली शिट्टी तशीच राहिली. बोलला तो राया. "मास्तर, आम्हनं काय चुकनं? आम्ही काय कोनले ढकलं का?" तुम्ही त्याच्या दंडाला हात लावायला गेलात, त्याने दंड काढून घेतला. मग मी बोललो. "मैदान दोघांनाही सारखंच ओलं आहे, मास्तर." अख्ख्या शाळेसमोर तुम्हाला उलटून बोलण्याची ती माझी पहिली वेळ.

तुम्ही म्हणालात, "आपण त्याच्यावर वाढलोय, गोविंदा." आणि स्वतः जाऊन फळा पुसलात. बाहीने पुसलात, फडकं शोधत बसला नाहीत.

मग ते वाट बघणं. माघातलं ऊन, मऊ. पॅसेंजर चुकली तर पाहुण्यांचा दिवस फुकट, आणि त्याआधी मैदान वाळलं नाही तर सामनाच रद्द. आम्ही मनातून तेच मागत होतो. न वाळो. रूथमावशी घरात गेल्या आणि चुलीतली गरम राख घमेल्यात भरून आल्या. वस्तीतल्या बायाही आल्या. राख पसरली, झाडली, पुन्हा पसरली. मग सुपं घेऊन त्या वारा घालायला बसल्या. थोड्या वेळाने हसमुख उठला, एका म्हातारीच्या हातातलं सूप मागून घेतलं आणि तिच्या शेजारी उकिडवा बसून वारा घालू लागला. ती म्हातारी त्याला म्हणाली, "हळू रे भाऊ, धान्य पाखडी ऱ्हायना का तू?" पाहुणे हसले. आमच्यापैकी कुणीही उठलं नाही.

मैदान वाळलं. तुम्ही पुन्हा चेंडू सोडलात, तो कमरेपर्यंत आला. साहेबांनी शिट्टी वाजवली. डाव छोटे ठेवले होते. पुढचं सगळं मला सांगवत नाही. टप्प्याचा खेळ मी त्या दिवशी प्रथमच नीट पाहिला. हसमुख चेंडू जमिनीला लावत आमच्यामधून असा जाई की जणू चेंडू त्याच्या बोटाला बांधलेला आहे. तरी आम्ही झुंजलो. रायाने प्रत्येक उडी जिंकली. शेवटी फळ्यावर दोन टोपल्यांचं अंतर होतं, आणि ते त्यांच्या बाजूला होतं. पाहुणे धावत स्टेशनावर गेले. त्यांना पोचवायला तुम्ही एकटेच गेलात.

गेरूची वाटी भिंतीपाशी वाळून गेली.

त्यानंतर आम्ही तुमच्याशी बोललो नाही. वर्गात विचारलं तेवढ्याला उत्तर, बाकी काही नाही. कुणी ठरवलं नव्हतं, आपोआप झालं. रूथमावशींनी मैदानाला पुन्हा हात लावला नाही. आम्ही मुलांनीच सारवलं, वेडंवाकडं. तुम्ही रोज संध्याकाळी चेंडूत हवा भरून, दोरी आवळून, खांबाशी ठेवून जात होतात. आम्ही तुम्ही गेल्यावर तो घेत होतो. होळीच्या आसपास कधीतरी रायाला ताप आला, तुम्ही त्याच्या उशाशी बसलात, आणि अबोला सुटला. पण संघाचं काहीतरी गेलं होतं. त्यानंतर आम्ही जिंकलोही, हरलोही. रेघा कुणी काढल्या नाहीत. राया जंगलखात्यात लागला, दोघं गिरणीत गेले. दुसरी मोठी लढाई सुरू झाली तसे साहेब मायदेशी निघाले. स्टेशनावर त्यांनी तुमचा हात बराच वेळ धरून ठेवला होता आणि मग म्हणाले होते, "शिमोन, ती शेगडी आम्ही हलवू शकलो असतो." गाडी सुटली. तुम्ही नुसती मान हलवलीत. त्यांच्या संघासारखाच आपलाही संघ विझला. फरक एवढाच, की त्यांच्याशी शेवटी कुणी हरायला येईना, आणि आपल्याला हरवून गेलेली माणसं पुढे आपल्याकडे जेवायला येत राहिली.

मॅट्रिकनंतर तुम्ही मला सुरतेच्या गाडीत बसवलंत. माझ्या वळकटीत बापाचं घोंगडं होतं आणि तुमचा एक सदरा, ज्याच्या बाहीवरचा खडूचा डाग मावशींना काढता आला नव्हता. तोच सदरा की दुसरा, ते मी कधी विचारलं नाही.

इथे एक गोष्ट आहे जी तुम्हाला सांगायची राहिली. हसमुख तेव्हा शेवटच्या वर्षाला होता. पहिल्याच दिवशी त्याने मला ओळखलं आणि सगळ्या खोलीसमोर हाक मारली, "ए लिंपणवाळा!" लिंपण म्हणजे सारवण. ते नाव मला पदवी मिळेपर्यंत चिकटलं. मला वाटलं, हा आता आम्हाला कसं हरवलं ते रंगवून सांगणार. मास्तर, त्याने त्याचा विजय सांगितलाच नाही. दरवेळी तो एवढंच सांगायचा, की खानदेशात एक मास्तर आहे, जिंकत असताना त्याने स्वतःच्या बाहीने फळा पुसला. नव्या मुलांना माझ्याकडे बोट दाखवून सांगायचा, "आ एनो छोकरो छे." हा त्याचा मुलगा आहे. मी कधी दुरुस्त केलं नाही.

हे मी तुमच्यापासून राखून ठेवलं, कारण हे सांगितलं असतं तर आपला वाद तुम्ही जिंकला असतात. दर सुट्टीला मी यायचो, मावशी भाकरी वाढायच्या, आणि पहिला घास संपायच्या आत मी सुरू व्हायचो. "थांबायचं होतं तर थांबायचं, पण निदान अर्धे गुण तरी ठेवायचे." तुम्ही म्हणायचात, "अर्धे कोणते? सकाळचे की दुपारचे?" मी म्हणायचो, "मावशींनी मानाने सारवलं होतं, कपटाने नव्हे." तुम्ही म्हणायचात, "म्हणूनच. मानाचं सारवण, त्याच्यावर लबाडीचा विजय काढायचा?" मग मावशी ओरडायच्या, "आते दोन्हीजन गुमान जेवा, नहीतं ताट उचलसू!" पुढच्या खेपेला हसमुखची गोष्ट सांगू, हरलो तरी चालेल, असं मी या दिवाळीपासून ठरवलं होतं.

परवा मावशींना विचारलं, माझं शेवटचं पत्र पोचलं होतं का. म्हणाल्या, पोचलं. तुम्हाला तेव्हा उठवत नव्हतं. शेजारच्या मास्तरांकडून दोनदा वाचून घेतलंत. काही बोललात का, विचारलं. म्हणाल्या, "एकच इचारं त्यास्नी. किती गुनघाई?" किती गुणांनी. पत्रात मी ते लिहिलंच नव्हतं, त्यामुळे कुणाला सांगता आलं नाही.

मास्तर, एका टोपलीने. तुमच्यापेक्षा थोडा बरा हरलो.

पत्र मावशींनी मला परत दिलं आहे. जसं होतं तसं उतरवतो.

"म्हसावद, सोमवार.

मास्तर,

तुमच्या प्रकृतीला उतार असेल अशी आशा करतो. मावशींना माझा नमस्कार.

आमच्या मुलांनी गेल्या पावसाळ्यापासून एकही सामना गमावला नव्हता. तुम्हाला मुद्दाम कळवलं नाही, तुम्ही काहीतरी विचाराल म्हणून. त्यांनी शाळेच्या भिंतीवर रेघा काढायलाही सुरुवात केली होती. मी शिकवलं नव्हतं, माझ्या तोंडून गोष्ट ऐकून त्यांनीच काढल्या.

लढाईमुळे नवा चेंडू मिळत नाही. आमच्या चेंडूला चांभाराने लावलेलं ठिगळ फुगलं आहे, आणि टप्पा घेताना तो डावीकडे पळतो. आमच्या मुलांना ते सवयीचं आहे. शनिवारी शहाद्याचा संघ आला. त्यांच्या हातून चेंडू सारखा निसटत होता, आमची मुलं हसत होती आणि जिंकत होती. पाहुण्यांच्या पिशवीत त्यांचा स्वतःचा चांगला चेंडू होता, पण यजमानांच्या चेंडूने खेळायचं म्हणून बिचाऱ्यांनी तो काढला नाही. मध्यंतराला मी तो मागून घेतला. फळा पुसला. पहिल्यापासून खेळवलं. आम्ही हरलो.

आता मुलं माझ्याशी बोलत नाहीत. त्यांच्यातला मोठा, सुकलाल, मला म्हणाला, 'सर, चेंडू दोघांनाही सारखाच वाकडा होता.' मला काय उत्तर द्यावं सुचलं नाही. तुम्हाला इतक्या लवकर कसं सुचलं होतं?

हा अबोला किती दिवस टिकतो, ते तुम्हाला ठाऊक आहे. मी सध्या रोज संध्याकाळी चेंडूत हवा भरून खांबाशी ठेवतो आणि घरी जातो. आणखी काही करायचं असल्यास उलट टपाली कळवावं.

आपल्या वादाविषयी माझं म्हणणं मात्र कायम आहे. तुम्ही त्या दिवशी सगळे गुण पुसायला नको होते. मग मी का पुसले, ते भेटीत सांगतो.

तुमचा,
गोविंदा"